चौदांवर थांबलेलं मशीन

१९९६ साली शिकागोच्या आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरात कॅपकॉम कंपनीच्या पिनबॉल विभागाने एक नवं मशीन तयार केलं. नाव ‘बिग बँग बार’. अंतराळात कुठेतरी असलेला एक बार, तिथे जमलेली परग्रहांवरची चित्रविचित्र गिऱ्हाइकं आणि पारदर्शक नळकांड्यात नाचणारी एक नर्तकी, असा त्याचा विषय. आखणी रॉब मॉरिसन यांची, चित्रं स्टॅन फुकुओका यांची. चाचणीसाठी नमुन्याची १४ मशिनं बांधून झाली. दिवे लागत होते, आवाज भरून झाले होते, खेळ चालत होता. घाऊक उत्पादन तेवढं सुरू व्हायचं होतं, ते झालंच नाही. वर्ष सरता सरता कॅपकॉमने पिनबॉलचा अख्खा विभाग बंद केला आणि ‘बिग बँग बार’ चौदांवरच थांबलं.

दहा वर्षांनी, २००६-०७ मध्ये, त्याच इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन शहरातल्या एका माणसाने ते पुन्हा बनवलं. एखादं-दुसरं नाही, १९० च्या आसपास. घड्याळं, कॅमेरे, मोटरसायकली यांच्या जुन्या मॉडेलांच्या नव्या आवृत्त्या कंपन्या काढतच असतात. पण जी वस्तू बाजारात कधी आलीच नाही, जिचा कारखाना मोडला, साचे गेले, कारागीर दुसरीकडे पांगले, तिची नवी आवृत्ती काढणं हे निराळ्याच जातीचं काम आहे. पिनबॉलमध्ये ते आणखी अवघड होतं. या मशीनचं सगळं गुपित नकाशात उतरत नाही. त्यातलं बरंचसं लाकडात, रबरात, तारेच्या वेटोळ्यांत आणि खेळणाऱ्याच्या मनगटात असतं.

आपल्याकडे पिनबॉलची ओळख बहुतेकांना दोन वाटांनी झाली. एक वाट बॅगाटेलची. खिळे ठोकलेली लाकडी फळी, कडेला स्प्रिंगची दांडी, ती ओढून सोडली की गोटी खिळ्यांवर आपटत कुठल्या तरी आकड्याच्या घरात जाऊन बसायची. दुसरी वाट विंडोज एक्सपीवरच्या ‘स्पेस कॅडेट’ची. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते न खेळलेला माणूस त्या पिढीत क्वचितच सापडेल.

दोन्ही वाटा एकाच घराण्यात जातात. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये बॅगाटेलमध्ये सुधारणा करून पेटंट घेतलं. चेंडू उडवणारी स्प्रिंगची दांडी त्यातूनच रूढ झाली. १९३१ मध्ये गॉटलीब कंपनीचं ‘बॅफल बॉल’ आलं आणि मंदीच्या दिवसांत एका पेनीत करमणूक देणारं हे खोकं दुकानादुकानांत पोचलं. पुढच्याच वर्षी ‘बॅलीहू’ आलं आणि त्याच्या जोरावर बॅली कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स यांच्या ‘काँटॅक्ट’ने त्यात वीज आणली. आणि १९४७ मध्ये गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’त पहिल्यांदा फ्लिपर आले. तोवर चेंडू सोडला की बघत बसायचं. बटण दाबलं की हलणाऱ्या त्या छोट्या हातांमुळे खेळणाऱ्याला चेंडू परत वर मारता येऊ लागला.

तरीही ‘हा जुगार आहे’ हा शिक्का बरीच वर्षं पुसला गेला नाही. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती. महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी जप्त केलेल्या मशिनांवर स्वतः घण चालवला, त्याची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. बंदी उठली १९७६ मध्ये, आणि ती उठवायला कारण झाला एक फटका. रॉजर शार्प नावाचा तरुण पत्रकार नगरपरिषदेसमोर मशीनवर उभा राहिला. दांडी ओढण्याआधी त्याने सांगितलं, चेंडू वरच्या अमुक गल्लीतून खाली येईल. मग दांडी सोडली आणि चेंडू त्याच गल्लीतून आला. खेळ नशिबाचा नाही, हाताचा आहे, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं.

पुनर्निर्माणाचा सगळा प्रश्न या फटक्यात आहे. त्या दिवशी शार्प जिंकला, कारण तेवढ्याच जोराने दांडी ओढली तर चेंडू तेवढाच उडेल आणि तिथेच जाईल याची त्याला खात्री होती. कौशल्य म्हणजे ही खात्री. फ्लिपरच्या टोकाजवळून मारलेला चेंडू रॅम्पच्या, म्हणजे चढणीच्या, तोंडात जातो, जरा अलीकडून मारला तर बाजूच्या खांबावर आदळतो, हे खेळणारा शेकडो डाव खेळून शिकतो. रॅम्प चार मिलिमीटर सरकला, रबर थोडं जास्त टणक लागलं, कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, वेढे कमी पडले, तर दिसायला मशीन तेच राहतं आणि खेळायला दुसरंच होतं. म्हणून हुबेहूब दिसणारी प्रतिकृती मला अपुरी वाटते. कस हाताला लागतो.

‘स्पेस कॅडेट’चंही असंच झालं, तेही लाकूड-लोखंडाशिवाय. विंडोजची ६४ बिटची आवृत्ती करताना मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरांच्या लक्षात आलं की चेंडू वस्तूंवर आपटण्याऐवजी त्यांच्या आरपार जातोय. कोड बाहेरच्या कंपनीने बरीच वर्षं आधी लिहिलेला होता आणि त्यात कुठे काय चाललंय हे सांगणाऱ्या टिपा जवळजवळ नव्हत्या. चूक सापडेना, म्हणून खेळच काढून टाकला. विंडोज व्हिस्टामध्ये तो नव्हता. ज्यांनी मूळ वस्तू बनवली ते समोर नसले की नुसत्या वस्तूवरून तिचं वागणं परत मिळवणं किती कठीण असतं, हे लाखो लोकांनी असं नकळत अनुभवलं आहे.

आता खऱ्या मशीनच्या आत डोकावू. वरची काच काढली की खेळाची फळी दिसते. ती प्लायवुडची असते, साधारण साडेसहा अंश उताराची. तिच्यावरून फिरणारा पोलादी चेंडू २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा. फळी उचलून तिची खालची बाजू पाहिली की मात्र डोळे विस्फारतात. रंगीबेरंगी वायरींच्या जाड वेण्या, ओळीने बसवलेल्या कॉइल, पातळ पात्यांचे खटके, दिव्यांची होल्डरं. स्टर्न कंपनीच्या कारखान्यात आजही पाहुण्यांना सांगतात की एका मशीनमध्ये साडेतीन हजारांच्या घरात सुटे भाग आणि जवळजवळ अर्धा मैल वायर असते.

एक फ्लिपर घेऊ. बाहेरून तो प्लास्टिकचा, रबर चढवलेला, बोटभर लांबीचा हात. त्याचा दांडा फळीतून खाली जातो आणि तिथे तो एका लोखंडी दट्ट्याला जोडलेला असतो. दट्ट्या कॉइलच्या पोकळीत आत-बाहेर सरकतो. नव्वदच्या दशकातल्या विल्यम्स कंपनीच्या मशीनमध्ये या एका कॉइलवर दोन गुंडाळ्या असत. पहिली जाड तारेची, रोध चार-पाच ओहम. तिला ५० व्होल्ट मिळाले की दहा अँपिअरच्या वर वीज वाहते आणि दट्ट्या झटक्यात आत खेचला जातो. फटक्याचा सगळा जोर तिचा. पण खेळणारा बटण दाबून धरणार, फ्लिपर उचललेला ठेवून त्यावर चेंडू थोपवणार. एवढी वीज काही सेकंद जरी चालू राहिली तरी कॉइल जळून जाईल. म्हणून फ्लिपर वर पोचला की एक खटका उघडतो आणि वीज दुसऱ्या, बारीक तारेच्या गुंडाळीकडे वळते. तिचा रोध दीडशे ओहमच्या आसपास, त्यामुळे वीज अगदी थोडी, फ्लिपर नुसता धरून ठेवण्यापुरती. पुढे याच दशकात या खटक्याचं बरंचसं काम इलेक्ट्रॉनिक सर्किटाकडे गेलं.

आता हीच कॉइल तीस वर्षांनी पुन्हा बनवायची आहे असं समजा. तारेची जाडी मोजता येते, वेढे मोजता येतात. पण दट्ट्या ज्या नायलॉनच्या नळीत सरकतो ती किती घट्ट असावी, जोडपट्टीतल्या भोकात किती ढिलेपणा चालेल, मागे खेचणारी स्प्रिंग किती ताणलेली असावी, हे नमुन्याच्या मशीनवरून कळत नाही, कारण ते मशीनही तीस वर्षं झिजलेलं आहे. झिजलेल्या भागाचं माप घेतलं तर झीजच नव्या मशीनमध्ये उतरते. पुनर्निर्माण करणाऱ्याला म्हणून वस्तू मोजून भागत नाही. ती नवी असताना कशी असेल याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो खेळून पाहावा लागतो.

मूळ आखणी तरी कशी होते? डिझायनर आधी कोऱ्या फळीवर काम करतात. चित्र नाही, रंग नाही. या फळीला या धंद्यात व्हाइटवुड म्हणतात. तिच्यावर फ्लिपर, काही खांब, लाकडाचे किंवा पत्र्याचे कामचलाऊ रॅम्प बसवायचे आणि चेंडू मारत राहायचं. अमुक फटका बसतो का, चेंडू परत येताना फ्लिपरवर अलगद येतो की मधल्या मोकळ्या जागेतून थेट खाली जातो, हे पाहत खांब थोडा डावीकडे, रॅम्प थोडा मागे. असे बदल होता होता भूमिती पक्की होते. यातले कितीतरी बदल स्क्रू काढून दुसरीकडे बसवण्यापुरते असतात. कागदावरचा नकाशा नंतर दुरुस्त होतो, कधी होतही नाही. मग कारखाना अचानक बंद पडतो. नकाशांच्या गुंडाळ्या, साचे, उरलेला माल भंगारात किंवा लिलावात निघतो. प्लास्टिकचे भाग बाहेरच्या छोट्या वर्कशॉपकडून करून घेतलेले असतात. त्यांच्याकडचे साचे काही वर्षांनी जागा अडवतात म्हणून फेकले जातात. त्यात दोष कुणाचाच नसतो.

कॅपकॉमच्या बाबतीत हे सगळं फार झपाट्याने झालं. या कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने १९९१ पासून जगभरचे आर्केड भरून टाकले होते. पिनबॉलमध्ये ती उतरली १९९५ मध्ये, म्हणजे बाजार घसरणीला लागल्यावर. तीनच वर्षांपूर्वी बॅलीच्या ‘अॅडम्स फॅमिली’ची २०,२७० मशिनं खपली होती, फ्लिपरच्या मशिनांत तो आजवरचा उच्चांक आहे. त्यानंतर मागणी झरझर उतरली. घरोघरी व्हिडिओ गेम आले. जे ठेकेदार बारमध्ये आणि आर्केडमध्ये मशिनं लावायचे, त्यांना पिनबॉल परवडेना. व्हिडिओ गेमचं खोकं महिनोन्महिने बिनतक्रार चालतं. पिनबॉलला मात्र दर आठवड्याला कुणी तरी रबर बदलायला, दिवे लावायला, अडकलेला चेंडू सोडवायला जावं लागतं. कॅपकॉमची ‘पिनबॉल मॅजिक’, ‘एअरबोर्न’, ‘ब्रेकशॉट’ अशी मोजकी मशिनं बाहेर पडली आणि तेवढ्यात विभागाचं दार बंद झालं. ‘बिग बँग बार’सोबत मार्क रिची यांचं ‘किंगपिन’ही अडकलं. त्याची तर दहासुद्धा बनली नव्हती. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, विल्यम्सनेही पिनबॉल सोडलं. त्यानंतर बरीच वर्षं जगात पिनबॉल बनवणारी मोठी कंपनी उरली ती एकच, स्टर्न.

अशा काळात ब्लूमिंग्टनचे ते गृहस्थ, जीन कनिंगहॅम, जुने सुटे भाग गोळा करत होते. ब्लूमिंग्टनमधली त्यांची इलिनॉय पिनबॉल ही कंपनी मशीनचे भाग विकायची. विल्यम्सचा कारखाना मोडला तेव्हा तिथला सुट्या भागांचा साठा त्यांनी घेतला. कॅपकॉमच्या पिनबॉलचे हक्क आणि उरलासुरला मालही त्यांनी मिळवला. मग ‘बिग बँग बार’ पुन्हा काढण्याचं जाहीर केलं. किंमत साडेचार हजार डॉलर, पैसे आगाऊ. चाहत्यांनी पैसे भरले आणि वाट पाहिली. पुढच्या दशकात आगाऊ पैसे घेऊन बुडालेले पिनबॉलचे धंदे झाले, लोकांचे हजारो डॉलर त्यात गेले. हे मशीन मात्र लोकांच्या घरी पोचलं. म्हणूनच त्याचं नाव या क्षेत्रात आदराने घेतलं जातं.

अशा कामात सर्वांत जास्त जीव काढते ती चित्रांची फळी. एका चांगल्या मूळ मशीनची फळी पूर्ण मोकळी करतात. प्रत्येक स्क्रू, खांब, दिवा काढून टाकतात. मग ती पट्ट्यापट्ट्यांनी स्कॅन करून कॉम्प्युटरवर जोडतात आणि एकेक रेघ पुन्हा आखतात. स्कॅन आहे तसा छापून चालत नाही, कारण त्यात चेंडूने घासलेले पट्टे, भेगा, लाकूड फुगल्याने सरकलेल्या कडा हे सगळं आलेलं असतं. खरा प्रश्न रंगाचा. वरचा लाखेचा थर वर्षानुवर्षं पिवळट होत जातो आणि रंग दिव्यांच्या उष्णतेने उडतात. मग मूळ निळा कोणता होता? उत्तर सापडतं ते खांबांच्या बुडाशी आणि प्लास्टिकच्या झाकणांखाली. खांब काढल्यावर त्याच्या पायाखालचा नाण्याएवढा गोल ठिपका कारखान्यातून निघाला तेव्हाइतका ताजा असतो, तिथवर ऊन, धूर, हात काहीच पोचलेलं नसतं. रंगांचे नमुने अशा ठिपक्यांवरून जुळवतात. छपाई स्क्रीन प्रिंटिंगने होते, प्रत्येक रंगाची वेगळी जाळी. एक रंग वाळला की दुसरा, आणि सगळे एकमेकांवर केसभरही न हलता बसले पाहिजेत.

छपाईच्या आधी फळीत भोकं आणि खाचा पाडलेल्या असतात आणि दिव्यांवरच्या रंगीत प्लास्टिकच्या टिकल्या चिकटवून घासून सपाट केलेल्या असतात. या टिकल्या लाकडाच्या अगदी पातळीत असाव्या लागतात. एखादी जरा वर राहिली तर वेगाने येणारा चेंडू तिच्यावर हलकी उडी मारतो आणि नेम चुकतो. त्यावर मग पारदर्शक कोटिंग चढतं. पूर्वी त्याला लाख वापरत, आता मोटारीवर मारतात तसा पॉलियुरेथेनचा जाड, गुळगुळीत थर देतात. फळी त्यामुळे कितीतरी जास्त टिकते. चेंडू मात्र तिच्यावर जास्त जोरात पळतो, म्हणजे टिकाऊपणासाठी केलेला बदल खेळात उतरतो. जुन्या मशीनवर हात बसलेल्या माणसाला हे पहिल्या दोन मिनिटांत जाणवतं.

रॅम्पचंही असंच. पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करतात आणि साच्यावर ठेवून खालून हवा खेचून घेतात. पत्रा साच्याला घट्ट चिकटतो आणि थंड झाला की आकार धरतो. जिथे वळण खोल तिथे तो ताणला जाऊन पातळ होतो आणि पुढे तडकायची जागाही तीच. रॅम्पच्या तोंडाशी म्हणून स्प्रिंग स्टीलची पट्टी रिव्हेट करतात, चेंडू तिच्यावरून चढतो. मूळ साचा नसेल तर शाबूत असलेल्या रॅम्पवरून नवा साचा घडवावा लागतो. जगात नमुनेच १४ असतील, तर त्यांपैकी एखाद्याचा मालक आपलं मशीन खोलू द्यायला राजी झाला पाहिजे.

वायरिंगचं काम पाहिलं तर ते जवळजवळ विणकाम आहे. मोठ्या फळीवर नकाशा चिकटवतात, त्यावर खिळे ठोकतात आणि प्रत्येक रंगाची वायर खिळ्यांच्या कडेकडेने नेऊन शेवटी सगळ्यांची एक वेणी बांधतात. वायरी बेहिशेबी वाढू नयेत म्हणून खटक्यांची जाळीदार मांडणी असते. विल्यम्सच्या मशीनमध्ये ती आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळींची होती, म्हणजे १६ वायरींत ६४ खटके. कॉम्प्युटर एकेका उभ्या ओळीला आळीपाळीने संकेत देतो आणि तो कोणत्या आडव्या ओळीतून परत येतो ते वाचतो. हे इतक्या भरभर चालतं की चेंडू खटक्यावरून गेला आणि कळलं नाही असं सहसा होत नाही. प्रत्येक खटक्यावर वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक छोटा डायोड असतो. तो एखाद्या ठिकाणी उलटा जोडला गेला तर खेळ वेड्यासारखा वागतो, चेंडू एकीकडे आणि गुण दुसरीकडे.

१९० मशिनांसाठी हा सगळा खटाटोप पैशाच्या हिशेबात बसत नाही. साचा, जाळ्या, वायरिंगचा नकाशा यांचा खर्च १९० मशिनांना जेवढा, तेवढाच वीस हजारांना. तो वीस हजारांवर वाटला तर जाणवत नाही, १९० वर वाटला तर एकेका मशीनची कंबर मोडते. तरीही माणसं हे करतात. मला हे काम मोठं वाटतं, कारण मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम तसं पुरं झालं होतं. ते लोकांपर्यंत पोचलं नाही, इतकंच. कुणी तरी ते पोचवलं.

‘कॅक्टस कॅनियन’ची गोष्ट याच्या उलटी आहे. ते बॅलीचं मशीन, १९९८ मधलं, जुन्या अमेरिकन पश्चिमेच्या गोळीबाराच्या कथांवर बेतलेलं. ते बाजारात आलं, पण ९०३ वर उत्पादन थांबलं, कारण कंपनीने आपली माणसं ‘पिनबॉल २०००’ या नव्या, व्हिडिओ पडदा जोडलेल्या मशीनच्या कामाला लावली. लाकूड, रॅम्प, चित्रं सगळं पक्कं झालं होतं, अर्धवट राहिलं होतं ते सॉफ्टवेअर. काही डावांचे नियम नुसते सुरू करून सोडलेले. पुढे एका हौशी प्रोग्रॅमरने मशीनचा मूळ बोर्ड बाजूला ठेवून त्या जागी पी-रॉक हा नवा बोर्ड बसवला आणि खेळाचे नियम स्वतः लिहून पुरे केले. २०२१ मध्ये शिकागो गेमिंग कंपनीने ‘कॅक्टस कॅनियन’ नव्याने काढलं, तेव्हा लायमन शीट्स यांनी खेळाचे नियम वाढवायला घेतले. ‘मिडिव्हल मॅडनेस’ आणि ‘अॅटॅक फ्रॉम मार्स’ यांचे प्रोग्रॅम लिहिणारे तेच शीट्स. जानेवारी २०२२ मध्ये ते वारले.

शिकागो गेमिंग हा चर्चिल कॅबिनेट या जुन्या कंपनीचाच भाग. चर्चिलवाले अनेक वर्षं दुसऱ्यांच्या पिनबॉलसाठी लाकडी पेट्या करून देत आले आहेत. त्यांनी आधी १९९७ चं ‘मिडिव्हल मॅडनेस’ पुन्हा काढलं होतं. मूळची ४,०१६ मशिनं, आणि जुन्या बाजारात त्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे गेलेली. पुन्हा काढलेल्या मशीनमधला कॉम्प्युटर नवा, हाताच्या तळव्यात मावेल एवढ्या बीगलबोन बोर्डावर चालणारा. पण त्यावर जुना प्रोग्रॅमच एम्युलेशनने, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करून, धावतो. दिवे एलईडीचे. आणि गुण दाखवणारा पडदा? मूळ पडद्यात निऑन वायूचे १२८ गुणिले ३२, म्हणजे ४,०९६ ठिपके नारिंगी उजळायचे. त्याला शंभराच्या आसपास व्होल्ट लागायचे आणि ते पडदे आता कुणी फारसे बनवतही नाही. नव्या मशीनमध्ये दुसरा पडदा आला, रंगीतही मिळू लागला.

यावर चाहत्यांत वाद होतात. माझं मत असं की दिवा, पडदा, बोर्ड बदलायला हरकत नाही, तिथे हट्ट धरला तर मशीन चालायचंच बंद होईल. बदलायची नाही ती भूमिती, चेंडूचं वजन, फ्लिपरचा झटका. ज्याने मूळ मशीनवर फटके बसवले त्याला नव्या मशीनवर तेच फटके त्याच क्षणी बसले पाहिजेत.

हक्कांचा अडथळा मात्र सुतार आणि प्रोग्रॅमर दोघांच्या हाताबाहेरचा. ‘बिग बँग बार’चा विषय कंपनीचा स्वतःचा होता, त्यामुळे कॅपकॉमशी व्यवहार झाला की वाट मोकळी. सिनेमावर बेतलेल्या मशीनचं तसं नाही. गॉटलीबने १९८३ मध्ये ‘क्रल’ या सिनेमावर मशीन केलं आणि दहाएक नमुन्यांवर सोडून दिलं. ते पुन्हा काढायचं तर चित्रपट कंपनी, नटांचे चेहरे, त्यांचे आवाज, प्रत्येकाची वेगळी परवानगी हवी.

‘किंगपिन’ आणि ‘पिनबॉल सर्कस’ ही दोन मशिनं पुन्हा काढायचा संकल्प सर्कस मॅक्झिमस या छोट्या अमेरिकन कंपनीने जाहीर केला. यातलं ‘पिनबॉल सर्कस’ मला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोहाचं वाटतं. ते विल्यम्ससाठी पायथन अँगेलो यांनी १९९४ मध्ये केलं. रुमानियात जन्मलेले अँगेलो हाडाचे चित्रकार, २०१४ मध्ये ते गेले. त्यांच्या या मशीनमध्ये आडवी लांबलचक फळी नाहीच. व्हिडिओ गेमच्या उभ्या खोक्यात एकावर एक मजले, आणि चेंडू फटक्याफटक्याने वरच्या मजल्यावर चढवायचा. जगात त्याची दोनच मशिनं असल्याचं मानलं जातं. त्यांतलं एक लास वेगासच्या पिनबॉल हॉल ऑफ फेममध्ये लोकांना खेळायला ठेवलं होतं, आणि मला ते योग्यच वाटतं. पण चालू मशीन रोज झिजतं. रबर कडक होतं, दट्ट्याची नळी रुंदावते, रॅम्पच्या कडा तडकतात. ‘पिनबॉल सर्कस’ची मापं ज्या कुणाला घ्यायची असतील, त्याने ती मूळ भाग जागेवर आहेत तोवर घ्यायला हवीत.